चौथा रकाना

नूर झेरॉक्सच्या काउंटरवर महानंदा बिराजदारनं
दोनशे शब्दांची यादी ठेवली.
डाव्या रकान्यात इंग्रजी, मधे अर्थ, उजवा रिकामा.
म्हणाली, हा भरायचाय. आईसलँडी.
तिथल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात नोकरी लागलीय,
पंधरा दिवस आहेत.

मी उदगीरचा. इथं भाजीवाली मराठीत भाव सांगते,
तेलुगूत तोलते, कन्नडमधे शिव्या देते
आणि उर्दूत उधारी मागितली की तिला ऐकू येत नाही.
म्हटलं, अजून एक भाषा. काय व्हतंय.

पण ही भाषा उसनं घेत नाही.
दारात टेलिफोन आला, तर माळ्यावरचा जुना शब्द काढला,
झटकला, त्याला घातला : सीमी.
म्हणजे दोरा.
कॉम्प्युटर : त्योल्वा. आकड्यांची देवऋषीण.
महानंदानं माझ्या थरथरत्या मशीनकडं पाहिलं,
अंगात तर हिच्या येतंच, म्हणाली.

वीज : राफमाग्न. कहरुब्याची ताकद.
अब्बांच्या तसबीहीत तसले पिवळे मणी होते,
सदऱ्यावर घासले की कागदाचे कपटे ओढायचे.
आपण म्हणतो लाईट.
लिहिता लिहिता गेलीच.

प्लीजपाशी अडलो.
असा सुटा शब्द नाही म्हणे त्यांच्यात,
बोलण्यातच मुरवतात.
आपल्यात तरी कुठंय, ती म्हणाली,
कृपया फक्त स्टेशनातली बाई म्हणते.
आपण म्हणतो, तेवढं दार लोट.
जरा पाणी दे की.
त्या की-मधे असतं सगळं.
मी रकान्यात रेघ मारली.
रेघेवर बोट ठेवून तिनं विचारलं,
मग तिथली म्हातारी माणसं मला पाणी कशी मागतील?
मला माहीत नव्हतं.

एक शब्द यादीत नव्हता, आवडला म्हणून मीच घातला :
ग्लुग्गावेदूर, खिडकीतलं हवामान.
आतून बघायला छान, पाऊल टाकायचं नाही असलं.
मे महिना. शटर अर्धं ओढलेलं,
रस्ता पांढराफट, कुत्रं नालीत बसलेलं.
हेच की, म्हणाली.

एकशे बेचाळीसावा. मिडवाइफ : ल्योसमोदिर.
ल्योस उजेड. मोदिर आई.
ती गप्प झाली.
तिची आई गंगव्वा. चौबाऱ्यामागची अर्धी पोरं तिच्या हातची,
मीसुद्धा. अम्मी सांगते, त्या रात्री
बॅटरी दातात धरली होती तिनं,
दोन्ही हात मोकळे पाहिजेत म्हणून.
शाळेच्या फॉर्मवर मी सुईण कधी लिहिलं नाही,
महानंदा यादीकडं बघत म्हणाली.
आईचा व्यवसाय : घरकाम.
दहावीपर्यंत. नर्सिंगलासुद्धा.
मग पेन मागितलं, आणि तो एक शब्द
स्वतःच्या अक्षरात उतरवला. वाकडा आला.

शेवटचा बाय. त्यांच्यात ब्लेस, दोनदा : ब्लेस, ब्लेस.
मला पटेना.
पेन्सिलीनं चौथा रकाना आखला
आणि लिहिलं : येते.
हैदराबादच्या गाडीत चढताना ती तेच म्हणाली,
तिकडचं एकही अक्षर तेव्हा आठवलं नाही तिला.

नोव्हेंबरात आवाज आला मोबाईलवर.
इथं एक म्हातारा आहे, रिकामा ग्लास
टेबलावर दोनदा टेकवतो आणि खिडकीबाहेर बघतो.
मी म्हणते, देते की.
मराठीतच. त्याला कळतं.

झेरॉक्सचे बारा रुपये राहिलेत तिच्याकडं.
गंगव्वा शुक्रवारी दुकानात येते,
स्टूल ओढून बसते,
दोरा लाव, म्हणते.
पलीकडं रात्र आहे का दिवस, याच्याशी तिला
आधीही कधी देणंघेणं नव्हतं.